सोनईपर्यंत फरक विचारत

लोक काश्मीरला जाऊन येतात, सिंगापूरला जाऊन येतात आणि आल्यावर लिहितात. मी देवळाली प्रवरा, बेलापूर आणि सोनईला जाऊन आले. तुम्ही म्हणाल, यात काय लिहायचं? पण ज्या कामासाठी मी गेले, त्या कामाचं कुणी आधी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. सापडलं असतं तर माझी खानावळ दोन दिवस बंद राहिली नसती आणि पोरांनी वडापाव खाऊन पोटं बिघडवून घेतली नसती.

काम आधी सांगते. माझा धाकटा भाऊ विनू. नगरला केडगावात त्याचा मांडव-डेकोरेशनचा धंदा. (पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, जिभेवर यायला थोडा वेळ लागेल.) मागच्याच्या मागच्या लग्नसराईत एका मांडवाची कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, बांधताना तो वरून पडला. मणका मोडला, आतला मज्जारज्जू चेपला. ऑपरेशन झालं, मणका बसवला, पण कमरेखाली काही कळत नाही ते नाहीच. व्हीलचेअर आणली. महिना-दोन महिने बसला तीत, अंगणात यायला लागला, गोडाऊनपर्यंत जायला लागला. आणि मग कुणा भल्या माणसानं त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ पाठवला, मूळ पेशींच्या इंजेक्शनचा. आपल्याच कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी निवडायच्या आणि पाठीच्या कण्यात सोडायच्या. त्या म्हणे तुटलंय तिथं जाऊन बरोबर सांधतात. झालं! विनूनं खुर्ची सोडली.

"उभाच ऱ्हानार हाय आक्का, तर खुर्चीची सवय कशाला लावून घिऊ?"

तेव्हापासून तो पलंगावर आणि खुर्ची कोपऱ्यात. खुर्चीवर वाळलेलं धुणं. पडून पडून पाठीवर एक जखम होऊन गेली, दुसरी व्हायच्या बेतात. मला एका जागी घडीभर बसवत नाही, खानावळीतली पोरं म्हणतात, मावशी, तुमच्या पायाला भिंगरी आहे. आणि माझाच भाऊ असा वाट बघत पडलेला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हे शास्त्र खोटं नाही, लताबाई. जगभर काम चाललंय. पण मेंदूसाठी, मणक्यासाठी हे अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. खऱ्या प्रयोगात घेत असतील तर जरूर जा. तिथं पेशंटकडून पैसे घेत नाहीत आणि 'बरं वाटतंय का' विचारून भागवत नाहीत. टाचणी टोचून बघतात, कुठपर्यंत कळतंय ते." मी इंजेक्शनवाल्या दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी साखरेच्या पाकातली. "मॅडम, आमचे पेशंट तुमच्याच जिल्ह्यात आहेत. तुम्ही स्वतः जाऊन विचारा ना, फरक आहे की नाही." तीन नावं दिली.

"तू जा आक्का," विनू म्हणाला. "तू सांगशील ते मी मानीन. मंगल मला खरं सांगत न्हाई."

मंगल म्हणजे त्याची बायको, माझी भावजय. बोलायला अगदी कमी. विनू पडल्यावर टेम्पो चालवायला शिकली, आता मांडवाची कामं तीच घेते. बघायला येणारा प्रत्येक जण उंबऱ्यातच विचारतो, "काय, फरक हाय का?" आणि मंगल आतून म्हणते, "हाय हाय, फरक हाय." चहा ठेवता ठेवता म्हणते. दुसरं काय म्हणणार? आजाऱ्याच्या घरातून पाहुण्याला 'नाही' म्हणून पाठवायची रीतच नाही आपल्याकडं.

देवळाली प्रवरा

पौषातली सकाळ. लग्नं नाहीत म्हणून टेम्पो मोकळा, म्हणजे मागं स्टेजच्या फळ्या, खुर्च्यांची थप्पी आणि गुलाबी कापडाची गाठोडी होतीच. पुढं मी आणि मंगल. मनमाड रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही. धडधाकट माणसाचा मणका तिथं जागेवर राहतो हेच नवल. राहुरी सोडली आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलो. मळीचा तो गोडसर कुबट वास, पुढं हलणारे उसाचे शेंडे, वाढं, आणि मंगल शांतपणे दुसऱ्या गिअरमध्ये.

"अगं हॉर्न दे ना!"

"दिऊन काय, आक्का? त्याला काय पंख फुटनारेत?"

देवळालीत शिरलो तर वेगळीच गंमत. एका घरापुढं माणसं जमलेली. टेम्पोवरचं 'मांडव डेकोरेशन' वाचून एक पागोटेवाले आजोबा आडवेच आले. "आरं आला, मांडव आला! उतरवा रं!" आम्ही तोंड उघडेपर्यंत दहा-बारा खुर्च्या खाली. त्यांच्याकडं बाळाचं बारसं होतं, त्यांचा मांडववाला आलेला नव्हता. मी भांडायला उतरले. मंगलनं मला मागं ओढलं, राहिलेल्या खुर्च्याही खाली दिल्या, गुलाबी कापड बांधून दिलं आणि उद्या जाताना उचलते म्हणाली. घुगऱ्या खाऊन आम्ही निघालो. माझं डोकं फिरलेलं, तिनं मात्र एक काम मिळवलं होतं.

पहिले पेशंट आप्पा. उसाचे मोठे बागायतदार, बंगल्याच्या ओट्यावरच बसलेले, हातात काठी. मेंदूत रक्ताची गाठ होऊन डावी बाजू गेली होती. आम्हाला बघून उठून उभे राहिले. हो, उभे राहिले!

"फरक हाय का, आप्पा?"

"लई फरक हाय!" ते ओट्यावर एक चक्कर मारून आले. "आता ह्ये बघा. ऊस तोडला तरी खोडकी ऱ्हातीच ना जमिनीत? तिच्यातनं परत फुटवं येत्यात. आपन म्हनतो खोडवा. तसंच हाय ह्ये. मूळ पेशी म्हंजी मान्साची खोडकी. तुमच्या भावाला बिनघोर न्या."

इतकं सोपं, इतकं पटणारं. मला तर तिथंच विनूला फोन लावावासा वाटला. मोबाईल काढलासुद्धा. पण जेवायला आत बोलावलं, आणि माझ्यासारखी बाई मासवडीच्या ताटावर फोन करत नाही. मासवडी अशी की माझ्या खानावळीत करायची माझी हिंमत नाही. रश्शाला रंग काळा, पण जिभेला चटका नाही. वाढत होत्या त्या आप्पांच्या बायको, माई. मी सहज म्हटलं, "इंजेक्शननंतर किती दिवसांनी चालायला लागले हो आप्पा?"

"सुई तर गेल्या संक्रातीला झाली," माई म्हणाल्या. "ह्ये तिच्या आदल्या दिवाळीतच चालाया लागल्ते की. भाऊबीजंला बहिनीकडं पायी गेल्ते."

"तू गप," आप्पा म्हणाले. "फरक तो फरक."

"मी कुठं न्हाई म्हनती? फरक हायेच. आदीपासूनच हाय." माईंनी मला आणखी रस्सा वाढला. मी मोबाईल पिशवीत टाकला.

बेलापूर

देवळालीहून बेलापूरपर्यंत मी तीनदा मंगलला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती तीनदा म्हणाली, "बघू." मला असली माणसं सहन होत नाहीत. दोन्हीकडं ऊस, मधून मधून गव्हाचा हिरवा तुकडा, पाटाला पाणी सुटलेलं. प्रवरेच्या पुलावर मी तिला टेम्पो थांबवायला लावला, खाली उतरले, नदीकडं बघितलं, आणि काही कारण नसताना परत चढून बसले.

दुसरी पेशंट होती रूथ, नऊ-दहा वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. मान धरत नाही, बोलत नाही. आई शाळेत शिक्षिका, ख्रिस्ती कुटुंब. नाताळ होऊन गेलेला, पण कागदाचा तारा अजून दारावर होता, आणि आमच्यापुढं करंज्या, शंकरपाळी आली. आमच्याकडं दिवाळीला होतो तो फराळ त्यांच्याकडं नाताळला. खाण्याआधी बाईंनी डोळे मिटून दोन ओळींची प्रार्थना केली, माझ्या तोंडात तोवर अर्धी करंजी गेलेली. मी ती तशीच धरून बसले, ना गिळता येईना ना काढता येईना.

"फरक आहे का हो?" मी शेवटी विचारलं.

"आहे ना," बाई पटकन म्हणाल्या. "देवाच्या कृपेनं खूप फरक आहे. आता हाक मारली की बघते. रूथ! रूथू!"

रूथनं आईकडं बघितलं. मोठे, पाणीदार डोळे. बघितलं ते खरंच.

"आधी नव्हती बघत?" मी विचारलं. मला असलं विचारायला लाज कशी वाटत नाही, कोण जाणे.

बाई करंज्यांची ताटली नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघायची. आता जरा जास्त बघते."

आम्हाला सोडायला त्या फाटकापर्यंत आल्या. तिथं हळूच म्हणाल्या, "तिला सगळं कळतं हो. तिच्यासमोर 'फरक नाही' असं कुणी म्हणायचं नाही, हे आम्ही घरात ठरवलंय. पाहुण्यांनासुद्धा सांगून ठेवलंय. तुम्ही मनात काही धरू नका."

मी काय धरणार? मी मान हलवली आणि टेम्पोत बसले. फळ्या वाजत होत्या, मागं वळून बघवत नव्हतं. मला त्या बाईचा राग आला होता, आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

रात्री राहुरीजवळ मंगलच्या माहेरी मुक्काम केला. तिथंही पहिल्या घोटाआधी तिच्या आईनं विचारलं, "जावईबापूंना फरक हाय ना?" आणि मंगल म्हणाली, "हाय." मी चहाचा कप आपटलाच.

"कशात?" मी म्हटलं. "कशात हाय फरक, मंगल?"

तिनं माझा कप उचलून आत नेला. तिची आई माझ्याकडं अशी बघत राहिली, जशी मी देवघरात चप्पल घालून गेले होते.

सोनई

सकाळी उलटं देवळालीला जाऊन खुर्च्या उचलल्या. बारसं झकास झालं होतं, आजोबांनी डबाभर लाडू दिले. मग राहुरीवरून सोनईचा रस्ता. हा भाग वेगळा. ऊस आहे, पण कांदा आणि कपाशीही. जमीन मध्येच उघडी पडते, वारा डोळ्यांत माती फेकतो. मी सारखी काच खाली-वर करत होते.

"आक्का, ती काच निघून हातात यील," मंगल म्हणाली.

तिसरी पेशंट शोभा. पस्तिशीची. शेतातल्या विहिरीवर मोटर चालू करायला गेली आणि पाय घसरून आत पडली. विनूसारखंच, कमरेखाली काही नाही. घर शोधायला लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशीच शिंका सुरू झाल्या. तिचं मिरची-मसाल्याचं कांडप होतं. खोलीत यंत्र धडाडत होतं आणि शेजारी व्हीलचेअरवर नाकाला फडकं बांधून शोभा, एका हातानं चाक वळवत, दुसऱ्या हातानं मिरच्या सारत. आयाबाया डबे घेऊन रांगेत. मी सात-आठ शिंका दिल्या, मंगलनं तेवढ्याच. गंभीर प्रश्न विचारायला आलेली दोन माणसं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय!

"बसा, बसा," शोभा हसली. "नव्या मान्साला आसंच हुतं."

आतून सासूनं आवाज दिला, "कोन आलंय? फरक हाय म्हनावं!"

मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. मी विचारलं, "शोभाताई, इंजेक्शननं फरक हाय?"

"हाय की."

"कशात?"

तिनं यंत्राचा खटका बंद केला. एकदम शांत झालं. फडकं खाली ओढून तिनं आधी माझ्याकडं, मग मंगलकडं बघितलं.

"तुमी नुसतं बघाया आलाय, का तुमच्याकडं कोन पेशंट हाय?"

"माझा मालक हाय," मंगल म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती विनूबद्दल आपणहून बोलली.

"मंग खरं सांगते." शोभानं हात पुसले. "पायात काई न्हाई. पयल्या दिवशी न्हवतं, आज बी न्हाई. सुई घिऊन आले, चार दिस आंग दुखलं. मंग वाट बघत पडून ऱ्हायले. अख्खं वरीस. आज हालंल, उद्या हालंल. पाठीला ह्येवढी जखम झाली. पायाचं येवढं वाईट न्हाई वाटत, बाई. त्या वरसाचं लई वाटतं."

"मग दवाखान्यात सांगितलं नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. "ते तर म्हणतात तुम्हाला फरक आहे! तुमचं नाव देतात!"

"डाक्टर सोता फोन करायचे," ती म्हणाली. "लई गोड मानूस. 'शोभाताई, फरक वाटतोय ना?' आसं इतक्या आशेनं इचारायचे. येवढा मोठा मानूस, त्याला न्हाई कसं म्हनायचं? वाईट वाटलं आसतं त्याला. मी म्हनायची, हाय हाय, फरक हाय." बोलता बोलता ती थांबली. "नाव देत्यात म्हंजी? माझ्या नावावर मान्सं तिकडं जात्यात?"

"व्हय," मंगल म्हणाली.

"म्हंजी ते पावनं..." शोभाचा चेहरा उतरला. "गेल्या सालापास्नं लई जन येऊन गेले. कोपरगावचे, शेवगावचे. मला वाटलं सुई घिऊन आलेत, नुसतं भेटाया आलेत. सगळ्यांना मी फरक हाय म्हनले. आजाऱ्याच्या घरच्यांना वाईट बोलून कसं धाडायचं?" ती आमच्याकडं बघत राहिली. "त्यातलं कोन कोन गेलं आसंल हो?"

मला त्या गोड डॉक्टरचा राग आला, त्याच्या फोनवरच्या गोड मुलीचा राग आला, आणि आपल्या सगळ्यांच्या या गोड बोलण्याचा तर असा राग आला की एखादा डबा उचलून भिंतीवर मारावा. पण शोभावर रागावता येईना. तिनं प्रत्येकाचं मनच राखलं होतं.

मग मंगलनं विचारलं, "खाटंवरनं खुर्चीत एकलीच बसती तू?"

"न्हाई तर काय! दावू?" शोभानं खाटेजवळ खुर्ची नेली, ब्रेक लावला, एका गुळगुळीत फळीचं एक टोक खुर्चीत आणि एक खाटेवर ठेवलं आणि हातांच्या जोरावर घसरत सुळकन पलीकडं. परत सुळकन अलीकडं. मंगलनं फळी हातात घेतली, उलटीपालटी केली, कडेवरून बोट फिरवलं. कडा कशा घासल्यात ते विचारलं. पंधरा मिनिटं दोघींचं फळीवरच चाललं होतं. मी तोवर दोन किलो काळा मसाला घेतला आणि पुन्हा शिंकत बसले.

निघताना शोभा म्हणाली, "आता फोन आला तर मी न्हाई म्हनून सांगते. तोंडातून निघंल का, काय म्हाईत."

परत केडगाव

घोडेगाववरून येताना मी टेम्पोत भाषणच ठोकलं. खोटं बोलायचं नाही, मनं राखायची नाहीत, विनूला स्पष्ट सांगायचं, मी सांगणार, मी कुणाला भीत नाही. मंगल गाडी चालवत होती.

खोलीत शिरलो. विनूनं उशीवरून मान उचलली. दाढी केली होती, आमच्यासाठी. नवा शर्ट घातला होता.

"काय म्हनले आक्का? फरक हाय का?"

आणि मी, केडगावात येईपर्यंत गर्जना करत आलेली मी, त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "हाय की! देवळालीचे आप्पा तर..."

"न्हाई," मंगल म्हणाली.

विनू तिच्याकडं बघत राहिला. ती पलंगाशी जाऊन उभी राहिली.

"फरक न्हाई. कुनालाच न्हाई. आन तुमच्यात बी न्हाई. मी रोज खोटं सांगते सगळ्यांना."

विनूनं उशीजवळचा पाण्याचा तांब्या भिरकावला. भिंतीला लागून तो गरगरत माझ्या पायाशी आला. मग तो भिंतीकडं तोंड करून पडला, आणि त्या रात्री जेवला नाही. मंगलही जेवली नाही. मी देवळालीचे लाडू खाल्ले, कारण अस्वस्थ झाले की मला खावं लागतं, आणि खाताना रडले.

सकाळी उंबऱ्यात शेजारचे बाबूशेठ किराणावाले उभे. रोजचे. हातात दोन केळी.

"काय विनूशेठ, फरक हाय ना?"

मी मंगलकडं बघितलं. मंगलनं ओठ घट्ट मिटले होते.

"न्हाई," विनू म्हणाला.

बाबूशेठ गोंधळलेच. एवढ्या दिवसांत असं उत्तर त्यांनी ऐकलं नव्हतं. "आरं पडंल, पडंल. देव हाय."

"पडंल तवा पडंल," विनू म्हणाला. "तवर त्या खुर्चीवरचं धुनं काढा."

बाबूशेठ केळी खिशात कोंबून मंगलच्या साड्या एकेक उचलायला लागले, आणि मंगल टेम्पोतली स्टेजची एक फळी आणायला धावली.